ओले अंथरूण आणि विम्याचे कलम



गेल्या दोन संध्याकाळी आपण या व्यासपीठावरून राज्यघटनेवर ऐकले, संतवाङ्मयावर ऐकले. आज अंथरूण ओले होण्याविषयी ऐकायचे आहे. पत्रिकेत विषय वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल. त्यांची तक्रार मला मान्य आहे. विषय मीच सुचवला, आणि चालकांनी तो बदलण्याचा आग्रह धरला नाही, याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे.

मी डॉक्टर नव्हे आणि विमा कंपनीचा माणूसही नव्हे. दहावीनंतर कारखान्यात लागलो. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर झाले. पण गेली तीसेक वर्षे कामगारांचे करार आणि त्यांच्या विम्याचे कागद ओळ न् ओळ वाचणे हेच माझे काम आहे, आणि या विषयापाशी मी त्याच वाटेने आलो.

मागणीपत्राचा खर्डा करताना आम्ही सभासदांना घरखर्च विचारतो. भाडे, दूध, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळे जण भराभर सांगतात. एका सभासदाच्या यादीत शेवटी 'औषधे व इतर' असे लिहून दोन हजारांच्या वर आकडा टाकला होता. इतर म्हणजे काय, असे मी विचारले तर तो गप्प. सभा संपल्यावर जिन्यात गाठून त्याने सांगितले की वडिलांना अर्धांगवायू झाला आहे, लघवीवरचा ताबा गेला आहे, रोज अंथरुणावर घालायचे पॅड आणावे लागतात. पुढे मी हा प्रश्न सभेत न विचारता एकेकाला बाजूला घेऊन विचारू लागलो. ज्या घरात म्हातारे किंवा दीर्घकाळ आजारी माणूस आहे अशा पुष्कळ घरांतून तेच 'इतर' बाहेर आले. पगारवाढीसाठी साहेबाच्या टेबलावर मूठ आपटणारा मनुष्य आईच्या अंथरुणाचा खर्च मात्र चोरून करतो आणि चोरून सोसतो. तो कोणत्याही मागणीपत्रात येत नाही, म्हणून कोणत्याही करारातही येत नाही. आज मला जे मांडायचे आहे ते एवढेच.

आणखी एक खर्च आहे, तो तर रुपयांतही लिहिला जात नाही. रात्री दोन वाजता उठून सासऱ्याची चादर बदलणारी सून, किंवा नवऱ्याला कुशीवर वळवून कपडे काढणारी साठीची बायको, ही बिनपगारी रात्रपाळी करीत असते. सकाळी सहाला तिची दुसरी पाळी सुरू होते. चांगला पॅड म्हणजे रोग्याची चैन, असे समजणाऱ्याने एकदा ही पाळी करून पाहावी.

पॅडच्या दुकानात जाण्यापूर्वी मात्र डॉक्टरकडे जावे. ताबा सुटणे हे वयाचे ठरलेले फळ नव्हे. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल, बद्धकोष्ठाने मळाचा गोळा मूत्राशयावर दाबत असेल, पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढली असेल, मधुमेह असेल, तर उपचाराने पुष्कळ फरक पडतो. कित्येकदा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते आणि अंथरूण रात्री भिजते. गोळीची वेळ डॉक्टरने बदलून दिली की काम होते. बाळंतपणानंतर ज्या स्त्रियांचे खोकताना, हसताना कपडे ओले होतात त्यांच्यासाठी ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम आहेत. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने ते १९४८ साली मांडले, आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. आपल्याकडच्या बायका हे दुखणे वीस-वीस वर्षे पदराआड ठेवतात. आणि एक चूक घराघरांत होते: लघवी होऊ नये म्हणून म्हाताऱ्याचे पाणी तोडतात. पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाला अधिक टोचते, कातडीला अधिक झोंबते. रात्रीचे पाणी किती व केव्हा, हे डॉक्टरला विचारून ठरवावे.

आता पॅडविषयी. औषधाच्या दुकानात ज्याला अंडरपॅड म्हणतात तो अंथरुणावर पसरायचा, आणि डायपर अंगाला बांधायचा. या दोन वस्तू निराळ्या आहेत. पहिली गादी वाचवते, दुसरी माणसाभोवतीचे ओल धरते. जो दिवसभर खुर्चीत बसतो, चार पावले चालतो, त्याला अंडरपॅडचा उपयोग थोडा. जो पडून आहे आणि ज्याची कातडी डायपरच्या कडांनी सोलवटते, त्याला रात्री उघडे ठेवून खाली नुसता अंडरपॅड घातलेला पुष्कळदा अधिक मानवतो. कोणाला काय लागते हे त्या माणसाच्या हालचालीवर ठरते. पाकिटावरचे हसरे म्हातारे जोडपे पाहून ठरत नाही.

एकदा वापरून टाकायच्या पॅडला तीन थर असतात. वर मऊ, आरपार झिरपू देणारे कापडासारखे आवरण. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस. खाली प्लॅस्टिकचा पत्रा. बऱ्या पॅडमध्ये मधल्या थरात बारीक साखरेसारखी भुकटी असते. ही भुकटी ओल शोषून तिची जेली करते, आणि वरून दाब आला तरी ओल परत बाहेर सोडत नाही. स्वस्त पॅडमध्ये नुसता लगदा असतो. तो पितो खरा, पण अंगाचा भार पडला की पिळलेल्या फडक्याप्रमाणे सोडतो, आणि माणूस पॅडवर असूनही ओलाच राहतो. दुकानदार कधी पेलाभर पाणी ओतून दाखवतो. त्या जादूवर जाऊ नका. ती भुकटी शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट पिते, पण लघवीत क्षार असतात आणि क्षार आले की तिची तहान फार कमी होते. शिवाय दुकानातल्या पॅडवर साठ किलोचा मनुष्य झोपलेला नसतो. पाकिटावर अमुक इतके मिलिलिटर असे छापलेले असते तेही प्रयोगशाळेत पॅड बुडवून मोजलेले असू शकते. घरी त्यातले सगळे मिळेल असे धरू नये.

मग निवडावे कसे? त्याला एक साधा उपाय आहे, आणि आपल्या घरी किराणा मोजायचा छोटा काटा असेल तर तो फुकट आहे. कोरा पॅड तोला. सकाळी तोच पॅड ओला झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोला. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर, जवळजवळ बरोबर. असे तीन रात्री करा आणि वहीत लिहा. मोठ्या माणसाला दिवसरात्र मिळून साधारण एक ते दोन लिटर लघवी होते, आणि मूत्राशयात एका वेळी चार-पाचशे मिलिलिटर मावते. पण तुमच्या घरच्या माणसाची रात्र दोनशेची आहे की आठशेची, हे फक्त तो काटा सांगेल. दोनशेच्या रात्रीला महागडा जाड पॅड कशाला? आणि आठशेच्या रात्रीला पातळ पॅड घातला तर गादी जाते, झोप जाते आणि पैसाही जातो. या तीन रात्रींची वही जपून ठेवा, विम्याच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

बाजारात साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा पॅड सर्वत्र मिळतो. आपली तीन फुटी खाट जवळपास नव्वद सेंटिमीटर रुंद असते, म्हणून तो आडवा घातला तर कडेपासून कडेपर्यंत पुरतो. कमरेखाली नेमका यावा; पाठीखाली किंवा पायाखाली त्याचे काही काम नाही. सारखा कूस बदलणारा रोगी असेल तर ज्याच्या दोन्ही बाजू गादीखाली खोचता येतात असा घ्यावा. एकावर एक तीन पॅड घालण्याची चाल आहे, ती सोडावी. वरच्या पॅडच्या प्लॅस्टिकमुळे खालच्याला ओल पोचतच नाही, उलट उष्णता कोंडते आणि सुरकुत्या कातडीत रुततात. आणि पॅड कितीही शोषणारा असला तरी ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याला ठरल्या वेळी कुशीवर वळवावेच लागते. साधारणपणे दर दोन तासांनी असे सांगतात. शय्याव्रण एकदा झाले की पॅडचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

धुऊन वापरायचे पॅडही मिळतात. त्यांना वर रजईसारखे शिवलेले कापड, मध्ये शोषणारा थर, खाली पाणी न जाणारे अस्तर असते. आपल्या आज्या मेणकापडावर जुन्या लुगड्याची चौघडी घालीत, त्याच कुळातली ही वस्तू आहे. हिशेब करून पाहा. समजा, टाकायचा पॅड पंचवीस रुपयांना पडतो आणि दिवसरात्र मिळून तीन लागतात. रोजचे पंचाहत्तर, महिन्याचे दोन हजार दोनशे पन्नास. समजा, धुवायचा पॅड सातशेला पडतो आणि एक अंगाखाली, एक धुण्यात, एक वाळत असे तीन लागतात. एकवीसशे रुपयांत काम भागते, आणि तो कित्येक महिने टिकतो. कागदावर धुवायचा जिंकला! पण ज्या घरी नळाला दिवसाआड पाणी येते, वाळत घालायला खिडकीबाहेरची एकच दोरी आहे, आणि पावसाळ्यात चार दिवस जाड कापड वाळत नाही, त्या घरी हा हिशेब चुकतो. त्यात धुणारीच्या कष्टाची किंमत शून्य धरलेली असते, हे तर आहेच. मला वाटते, रात्री टाकायचा आणि दिवसा धुवायचा असा मेळ बहुतेक घरांना परवडेल. धुताना कपडे मऊ करण्याचे द्रावण घालू नये. त्याचा लेप बसून कापडाची शोषण्याची शक्ती जाते.

टाकायचा पॅड टाकायचा कोठे, हेही मला सांगितलेच पाहिजे, कारण तो उचलणारा हातही कामगाराचाच आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्या पुढाकाराने निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या बायका घरोघरचा कचरा नेतात. त्यांनी साधी मागणी केली होती की असा ओला माल वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला तो उघडून पाहावा लागणार नाही. एका ठिपक्याला किती कष्ट पडतात? तरी तो काढणारी घरे थोडीच.

आता विम्याकडे येतो.

बहुतेकांची समजूत अशी असते की मेडिक्लेम आहे म्हणजे आजारपणाचा खर्च मिळतो. मेडिक्लेम हा मूळचा रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे, आजारपणाचा नव्हे. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरांत परिशिष्टे असतात. त्यांत न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादी असते. विमा नियामक प्राधिकरणाने अशा याद्यांना एकसारखे रूप दिले, आणि ज्या यादीला सामान्यतः पहिली यादी म्हणतात तिच्यात ६८ बाबी आहेत. टेलिफोन, टेलिव्हिजन, बाळाचे खाद्य, पाव्हण्यांची सरबराई, आणि त्याच रांगेत 'कोणत्याही प्रकारचे डायपर'. त्याच यादीत खासगी परिचारिका, लघवीचे भांडे, शय्याव्रणासाठी लागणारी हवेची व पाण्याची गादी! टेलिव्हिजन पाहणे आणि अंथरुणात कोरडे राहणे या दोन्ही गोष्टी त्या यादीने एकाच मापाने मोजल्या आहेत. ज्याने ती केली त्याला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्याने कधी चादर बदलली नसावी इतकेच.

दुसरी यादी आहे ती खोलीभाड्यात धरलेल्या वस्तूंची. बेडपॅन आणि स्वच्छ चादर तिच्यात येतात. याचा अर्थ रुग्णालयाने चादरीचे पैसे वेगळे लावले तर विमा ते वेगळे देणार नाही, आणि तुम्ही रुग्णालयाच्या खिडकीवर विचारू शकता की हे खोलीभाड्यात धरलेले असताना पुन्हा का लावले. अंडरपॅडचा उल्लेख तुमच्या पॉलिसीत कोठे आहे हे स्वतः पाहा. उल्लेख नसतानाही त्याला डायपरचा भाऊबंद समजून काट मारलेली मी पाहिली आहे. अशा वेळी कोणत्या कलमाखाली कापले हे लेखी मागावे. कलम दाखवता आले नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे, आणि तिने नाकारले तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाला फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुणे दोन्ही ठिकाणी त्याचे कार्यालय आहे. पण पॉलिसीत जे स्पष्टपणे नाकारले आहे ते लोकपालही देववू शकत नाही.

अलीकडे कंपन्या जादा हप्ता घेऊन न मिळणाऱ्या वस्तूंचे जोडकलम विकतात. ते घेतले तर रुग्णालयातले डायपर व पॅड मिळू शकतात. घरी गेल्यावर? तेथे ते सहसा लागू होत नाही. घरच्या उपचाराचे म्हणून एक कलम असते, पण त्याला तीन दिवसांहून अधिक उपचार, आणि रोगी हलवण्याजोगा नसणे किंवा रुग्णालयात जागा नसणे अशा अटी असतात. पॅड बदलणे हा उपचार समजत नाहीत. केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण दिले. ही गोष्ट मोठी आहे, पण तीही दाखल होण्यापुरतीच. म्हातारा रुग्णालयात दहा दिवस असतो आणि घरी दहा वर्षे. विमा त्या दहा दिवसांचा आहे.

कामगार राज्य विम्याची रचना मात्र निराळी. १९४८ चा तो कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते झाला. तेथे दवाखान्याबाहेरचा उपचारही येतो आणि अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले जातात. म्हणून ज्यांचे कार्ड आहे त्यांनी पॅडची गरज दवाखान्यातल्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावी, अर्ज करावा, आणि नकार आला तर तो लेखी घ्यावा. ती तीन रात्रींची वही येथे कामास येते. 'फार भिजते' याला कारकून किंमत देत नाही. 'तीन रात्रींची सरासरी सहाशे चाळीस' याला द्यावी लागते. लेखी नकारांची चळत हातात असली की संघटनेला बोलायला जागा मिळते.

एक गोष्ट सरकारने केली ती सांगितली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रुग्णांच्या डायपरवरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आला, आणि व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा कर उठला. मालक कामगारांसाठी जो गटविमा घेतो त्याला मात्र ती माफी दिली गेली नाही. म्हणजे एकट्याने जाणाऱ्याला सूट आणि जमावाने जाणाऱ्याला कर!

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की अंथरुणाच्या पॅडचा खर्च विम्याने घरपोच द्यावा ही मागणी म्हणजे हवेतला मनोरा आहे. त्यांच्यासाठी जर्मनीचे उदाहरण सांगतो. तेथे कामगारांचा आजारविमा बिस्मार्कने १८८३ साली सुरू केला, आणि त्याच्या जोडीला १९९५ पासून शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा आला. अंगाला बांधायचे शोषक साहित्य डॉक्टरने लिहून दिले की आजारविमा देतो. अंथरुणावरचे पॅड शुश्रूषाविमा देतो. ज्याला शुश्रूषेची गरज आहे असे तपासणीत ठरले आणि जो घरी राहतो, त्याला हातमोजे, जंतुनाशक आणि एकदा वापरायचे अंथरुणाचे पॅड अशा साहित्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम आहे. जानेवारी २०२५ पासून ती ४२ युरोंपर्यंत झाली. फार मोठी नव्हे, पण मागावी लागते ती हक्काने. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात वृद्धांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, हे साहित्य देत नाही. तेव्हा प्रश्न देशाच्या श्रीमंतीचा नाही.

जर्मन कामगाराला हे फुकट मिळाले असे मात्र समजू नका. वर्गणीचा अर्धा वाटा मालकाने द्यायचा ठरला तेव्हा मालकांना भरपाई म्हणून एक सुटी रद्द करावी असे निघाले. नोव्हेंबरातला प्रायश्चित्त व प्रार्थनेचा बुधवार, जुनी धार्मिक सुटी, ती १९९५ पासून देशभर गेली. एकट्या सॅक्सनी प्रांताने ती ठेवली, आणि त्याबद्दल तेथले कामगार आजही शुश्रूषाविम्याची वर्गणी इतरांपेक्षा अधिक भरतात. हा सौदा बरा की वाईट, यावर आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात दोन तास भांडण झाले. सुटी सोडायला मी स्वतः राजी नसतो. पण म्हाताऱ्या बापाचे अंथरूण हा जाहीर सौद्याचा विषय झाला, संसदेत आणि कारखान्यात त्याची किंमत दिवसांत मोजली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गटविम्याचा करार कंपनी आणि मालक यांच्यात होतो, दरवर्षी नवा होतो, आणि त्यातली कलमे बोलणी करून बदलता येतात. बहुतेक ठिकाणी ती बोलणी व्यवस्थापनाचा एक अधिकारी आणि विम्याचा दलाल मिळून उरकतात. कामगाराच्या हाती येते ते नुसते कार्ड. म्हणून नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी संघटनेने मसुदा मागावा. आम्ही यंदा जे कलम मागणीपत्रात घातले ते वाचून दाखवतो आणि थांबतो.

"कामगार, त्याची पत्नी अगर तिचा पती, आणि अवलंबून असलेले आईवडील वा सासूसासरे यांपैकी कोणाचा मलमूत्रविसर्जनावरील ताबा सुटल्याचे नोंदणीकृत डॉक्टरने लिहून दिल्यास, रुग्णालयात असताना लागलेले शोषक पॅड, डायपर व तत्सम साहित्य गटविम्याच्या जोडकलमाखाली मिळेल, आणि रोगी घरी असताना त्याच साहित्याचा खर्च, ठरलेल्या मासिक मर्यादेपर्यंत, बिलावरून कल्याणनिधीतून दिला जाईल. अर्जदाराचे नाव व कारण सूचनाफलकावर लावले जाणार नाही."

शेवटचे वाक्य आमच्या एका भगिनी सभासदाने घालायला लावले, आणि व्यवस्थापनाने आतापर्यंत मान्य केलेले तेवढेच एक वाक्य आहे. मासिक मर्यादेवर बोलणी चालू आहेत. या कलमाच्या प्रती आणि तीन रात्रींच्या वहीचा कोरा नमुना बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना समोर येऊन मागायला संकोच वाटेल त्यांनी सभा पांगल्यावर घ्यावा. टेबल साडेनऊपर्यंत राहील.